तिसरं प्रकरण कच्चं आहे

रविवार, १४ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण वहिनीच्या निरोपावरून कळतं की सध्या घर त्यांच्याच तालावर चाललंय. मी बरी आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण आज मी ते विचार करून लिहिलंय.

आधी एक गैरसमज काढून टाकते. मी रागावलेली नाही. गेले कित्येक रविवार तुझा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही आणि "कामात आहे" एवढं लिहून पाठवत राहिले. त्यावरून तू ठरवलंस की धाकटी रुसली. मग तूही रुसलास आणि "राग उतरला की तिनंच फोन करावा" असा निरोप वहिनीकरवी धाडलास. सत्तरीला टेकलेला माणूस, नातवंडांना भांडू नका म्हणून सांगणारा, आणि स्वतः बहिणीशी कट्टी घेऊन बसतो. असो. फोन का उचलला नाही ते सांगायचंच आहे, म्हणून तर एवढं लांबलचक पत्र लिहायला बसलेय. पण आधी चांगली बातमी सांगू दे. ती पोटात राहत नाहीये.

केंद्र वाचलं. पुढच्या तीन वर्षांची मान्यता मिळाली. सगळी माणसं राहिली, तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या राहिल्या, जिन्यातला तो गळका नळसुद्धा राहिला.

आमच्या केंद्राला तू "पोरं मोजायची कचेरी" म्हणतोस. मोजतोच आम्ही. विज्ञान, गणित, अभियांत्रिकी आणि तंत्रशिक्षणाच्या वर्गांत किती मुलं येऊन बसतात, किती मधूनच उठून जातात, जी टिकतात ती पुढे कुठल्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत उभी राहतात आणि तिथूनही का निघून जातात. मोजणं सोपं आहे. "का" हे शोधणं अवघड. त्यासाठी सातजणांचं आमचं हे बिऱ्हाड त्या जिन्यावर आयुष्य झिजवतंय. मी वीस वर्षं सभासभांतून सांगत आलेय की ही मुलं गळत नाहीत, ढकलली जातात. ज्या व्यवस्थेला आपल्या हुशार मुली टिकवता येत नाहीत, तिनं मुलींच्या परीक्षा घेणं थांबवावं आणि एकदा स्वतः परीक्षेला बसावं. हे तुला पाठ आहे. जेवायच्या टेबलाशी हात वर करून तू माझी नक्कल करतोस तेव्हा हेच वाक्य घेतोस, आणि वहिनी हसू दाबते ते मला दिसतं.

विद्यापीठानं समिती नेमली होती. केंद्र हवंच कशाला, नोकरी-मार्गदर्शन विभागात विलीन करून टाका, असा विचार. मीठ पाण्यात विलीन होतं ना, तसं. आमचा पाहणीचा अभ्यास अर्ध्यावर आहे. ज्या मुलामुलींना आम्ही शिकताना भेटलो, त्यांना नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुन्हा भेटतोय. तो आता तुटला असता तर उरली असती ती नुसती कागदांची गठडी. समितीचे अध्यक्ष कारखानदार. यंत्रांचे सुटे भाग बनवतात, विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळावर आहेत आणि कमी बोलणाऱ्या माणसांत त्यांची गणना होते.

मी भाषण तयार केलं. दादा, काय भाषण होतं ते. आयुष्यभर वाचलेलं सगळं त्यात ओतलं होतं. शेवटच्या परिच्छेदाला माझ्याच अंगावर काटा आला होता.

ते भाषण मी केलं नाही. घसा बसला होता, एक शब्द बोलायला बंदी होती. तारीख पुढे ढकला म्हणून विनंती केली, तर उत्तर आलं की संचालक आजारी असतील तर सहकाऱ्यांनी बोलावं, केंद्रात एकच माणूस आहे का? हे वाचून मला तूच आठवलास. आपल्या शेवटच्या फोनवर तू काय म्हणालास ते तू विसरला असशील. म्हणालास, "तुझं केंद्र म्हणजे तुझा घसा. तो बंद पडला की दुकान बंद." चष्म्याच्या दुकानात बसून तू लोकांना दूरचं दाखवतोस, तुला स्वतःलाही पुष्कळ दूरचं दिसतं.

तर माझ्याऐवजी दोघांना उभं राहावं लागलं. एक आमचा आकडेवाला. त्याला सगळे "सरासरी" म्हणतात, कारण त्याला किती वाजले विचारलं तरी तो "साडेतीन ते चारच्या दरम्यान" असं सांगतो. दुसरी आमची मुलाखतकार, मौनी. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिला हे नाव का पडलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडे मुलाखतीचा एक नियम आहे. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा घुटमळला तरी मदत करायची नाही, त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही. लोक आधी पाठ केलेलं उत्तर देतात. ते संपल्यावर जी शांतता पडते, तिच्या पलीकडे खरं उत्तर असतं. नवा माणूस रुजू झाला की त्याला कुणातरी जुन्याच्या समोर बसवतात, एक प्रश्न विचारायला लावतात, आणि मग दोघांनीही गप्प. जो आधी बोलेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. मौनीनं आजवर एकदाही चहा केलेला नाही. मी या केंद्राची संचालक, आणि बहुतेक चहा मीच केलेत.

सुनावणीची खोली लांबट. खिडक्या बंद, भिंतीवर एकच पंखा. समितीचे पाचजण एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. मी पाण्याचा पेला आणि कोऱ्या चिठ्ठ्यांची चवड घेऊन मध्ये बसलेली.

पहिला उठला सरासरी. अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या या अहवालातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुठली?" कुणीही शहाणा माणूस अशा वेळी आपलं उत्तम ते पुढे करील. हा म्हणाला, "महत्त्वाचं तिसरं प्रकरण आहे. पण ते कच्चं आहे."

मी पेला घट्ट धरला.

तो पुढे समजावून सांगू लागला, अगदी मन लावून. तिसऱ्या प्रकरणात कारखान्यांच्या तपासणी-कक्षांत काम करणाऱ्या मुली नोकरी का सोडतात ते आहे. काही कारणं हाती लागलीत, पण ज्यांच्याशी बोलणं झालं त्या मुली थोड्या आहेत, त्यावरून ठाम काही म्हणणं चूक होईल. दादा, ज्या दिवशी केंद्राची मान कापायची की नाही ते ठरायचं, त्या दिवशी हा गडी सुरी कुठे चांगली चालेल ते दाखवत होता. ही चूक आमचीच माणसं करू जाणोत. आम्हीच त्यांना शिकवलंय की आपल्या कामातलं लंगडं आधी सांगावं. मी चिठ्ठीवर "दुसरं प्रकरण सांग" असं लिहून सरकवलं. त्यानं ती वाचली आणि म्हणाला, "मॅडम म्हणताहेत दुसरं सांग, पण तुम्ही महत्त्वाचं विचारलंत." समितीतल्या एका बाईंनी तोंडावर हात धरला.

मग मौनी उठली. अध्यक्षांचा आवाज आता थोडा चढला होता. त्यांनी सरळच विचारलं की या केंद्राचा उपयोग काय.

मौनीनं वर पाहिलं आणि म्हणाली, "हा प्रश्न तुम्हाला कशावरून पडला?"

त्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. बिचारीची वर्षानुवर्षांची सवय, कुणी प्रश्न टाकला की त्याच्या मागचा प्रश्न विचारायची. आणि विचारून झाल्यावर, अर्थातच, ती गप्प बसली. हात मांडीवर, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर घाई नाही.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी चिठ्ठी लिहिली, "बोल." तिनं ती वाचली, नीट घडी केली आणि बाजूला ठेवली. दुसरी लिहिली, "आता तरी बोल." तिचीही घडी झाली. माझ्या डोक्यात माझं भाषण परिच्छेदामागून परिच्छेद धावत होतं आणि तोंडातून वाफही निघत नव्हती. इतका असहाय राग मला आजवर आला नव्हता.

आणि अध्यक्ष बोलू लागले. आधी पाठ केलेलं उत्तर. ज्याच्यात दम असतो तो टिकतो, ज्याच्यात नसतो तो जातो, यात संशोधन कसलं करायचं. मौनी ऐकत होती. मग ते म्हणाले, "माझ्याच मुलीचं घ्या." मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, वर्गात पहिली. एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी-कक्षात लागली. दोन वर्षांत सोडून घरी आली. कुणी त्रास दिला नाही, पगार चांगला, माणसं चांगली. मन रमलं नाही, दुसरं काही नाही.

मौनी काहीच म्हणाली नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, आता तिच्या आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची मुलगी विसराळू झालीय. सकाळी पाण्याची बाटली भरून द्यावी तर संध्याकाळी भरलेलीच परत. रोज. वर्षभर. पुढे पोरगी आजारी पडायला लागली, मूत्रपिंडाचं काहीतरी निघालं, मग सोडलीच नोकरी. एवढं सांगून ते थांबले. मला दिसलं की हे सगळं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका ओळीत ठेवलं होतं.

तेव्हा मौनीनं दुसरा प्रश्न विचारला. "ती पाणी का पीत नसेल?"

ते म्हणाले, "मी विचारलं नाही."

चहाची सुट्टी झाली. आम्ही तिघं जिन्यात उभे होतो आणि मी सरासरीकडे अशी पाहत होते की तो दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिला. वरच्या वळणावर अध्यक्ष फोनवर होते. पाठमोरे, फार हळू बोलत होते, मग नुसतेच ऐकत राहिले.

परत आले तेव्हा त्यांनी कुणाकडे न बघता सांगितलं. त्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. होतं ते अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीत. तपासणी चालू असताना यंत्र सोडून जायचं नाही असा नियम, आणि बदली माणूस मागितला की पुरुष सहकारी हसायचे. म्हणून ती पाणीच पीत नव्हती. एवढं सांगून ते सरासरीकडे वळले. "हे तुमच्या त्या कच्च्या प्रकरणात आहे?"

सरासरी म्हणाला, आहे, चार कारखान्यांपुरतं आहे. कारणं प्रत्येक ठिकाणी वेगळी आहेत, काही ठिकाणी हेच आहे, पण ते सगळीकडे आहे असं आज म्हणता येणार नाही.

"ते पक्कं करायला किती वर्षं लागतील?"

"दोन ते चारच्या दरम्यान."

"तीन धरू," अध्यक्ष म्हणाले आणि समोरच्या कागदावर लिहिलं. केंद्र वाचलं ते असं, दादा. सरासरीनंच.

निघताना त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाई, तुमची भाषणं मी ऐकलीत. तुम्ही आज बोलला असतात तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि केंद्र बंद केलं असतं." मी मान डोलावली. दुसरं करणार काय, बोलायची सोय नव्हती. घरी आले आणि खूप वेळ हसत बसले. आवाज न करता हसायला फार त्रास होतो.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू. घशाचं सांगते.

तू तो टोमणा मारलास त्याच दिवशी सकाळी मी घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. हिवाळाभर आवाज घोगरा होत चालला होता. त्यांनी दुर्बीण घालून पडद्यावर मला माझ्याच घशातली गाठ दाखवली. स्वरतंतूवर, मटाराएवढी. काढावी लागेल, तपासायला पाठवावी लागेल, तोवर काही सांगता येणार नाही, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. मी घरी येऊन बसले आणि तुझा फोन आला. तू नेहमीसारखा चेष्टा करत होतास, आणि मी फोन ठेवला. तो रागानं ठेवला नाही रे. मला पुढे बोलता येईना, एवढंच.

तुला का कळवलं नाही, हे तू विचारण्याआधीच सांगते. बाबांचा घसा तू पाहिलास. त्यांचा आवाज जाताना, गिळणं जाताना, ते खुणांनी पाणी मागताना, त्या खोलीत रात्रंदिवस तू होतास. त्यांच्यानंतर वर्षभर तुझ्या जेवणाच्या ताटात घास उरायचा. मी म्हटलं, निदान काय ते कळेपर्यंत तरी या माणसाला पुन्हा त्या खोलीत नेऊन बसवू नये. फोन उचलला असता तर पहिल्या शब्दालाच तू ओळखलं असतंस. तो घोगरेपणा तुझ्या कानांना माहीत आहे. म्हणून न उचलणं बरं. तू रागावलास हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण रागावलेला दादा मला घाबरलेल्या दादापेक्षा परवडत होता.

इस्पितळात माझ्याबरोबर मौनी होती. तिच्याशिवाय कुणालाच खरं सांगितलं नव्हतं, बाकीच्यांना घसा बसलाय एवढंच. शस्त्रक्रियेच्या आधी ती शेजारच्या खुर्चीत बसून राहिली. "काही होणार नाही" म्हणाली नाही. "धीर धरा" म्हणाली नाही. मी आयुष्यभर शब्दांवर जगले, शब्दांनी माणसं उठून उभी राहतात हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजूनही त्यावर माझा विश्वास आहे. पण त्या सकाळी एखाद्यानं माझ्यासमोर एक जरी चांगलं वाक्य उच्चारलं असतं तर मी ओरडले असते. ती बसली होती, तेवढं पुरलं.

मग बोलायला पूर्ण बंदी. त्या बंदीतच सुनावणी आली. आणि तपासणीचा निकाल सुनावणीनंतर. परवा डॉक्टरांनी बोलावलं. गाठ साधी निघाली. साधी, दादा. बाबांना होतं त्यातलं काही नाही. हा शब्द मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतला, खुणांनीच. तिसऱ्यांदा तेही हसले.

तू हे वाचताना वहिनीला हाक मारली असशील. तिला दे वाचायला, आणि तिला म्हणावं की रडायचं असेल तर रडून घे, पण आनंदाचं.

थोडी पडती बाजू आहे, ती लपवत नाही. आवाज परत येईल, पण तोच येणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की सभा, व्यासपीठं, हजार माणसांना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलणं आता नाही. मला वाटलं होतं हे ऐकून मी कोसळेन. मी काय केलं असेल? इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून संत्रं सोलून खाल्लं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एक तर जीव वाचला होता. आणि दुसरं म्हणजे, मला वाटायचं केंद्राच्या घराला एकच खांब आहे आणि तो मी. खांबाला झोपही लागत नाही रे. परवापासून मला गाढ झोप लागतेय.

माझी मतं मवाळ झाली असं समजू नकोस. त्या अंगणापलीकडच्या दाराबद्दल मला अजूनही तितकाच संताप आहे, आणि येती तीन वर्षं मी तो संताप लिहून काढणार आहे. समित्यांपुढे मौनी जाईल. काल तिला तसं सांगितलं, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं. तिनं वाचलं, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालेल." मग स्वतःहून उठली आणि सगळ्यांना चहा करून दिला. वाईट करते चहा. फार उकळते.

आज सकाळपासून मला दिवसातून थोडा वेळ बोलायची परवानगी आहे. पहिला शब्द कुठला बोलावा याचा पुष्कळ विचार केला होता, वाचलेली एवढी पुस्तकं काही कामाची निघतील म्हणून. स्वयंपाकघरात एकटी उभी होते. तोंडातून निघालं, "दादा." आणि मी चक्क मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून.

हे पत्र पोचलं की वहिनीला एक ओळ पाठवायला सांग. त्याच संध्याकाळी मी फोन करीन. पलीकडून एक जाड, तुटक, अनोळखी बाईचा आवाज येईल. तू "कोण पाहिजे?" असं विचारू नकोस. नुसतं म्हण, "बोल गं."

तुझी,
धाकटी